दक्षिण समुद्रातली वही

प्रिय दादा,

तू गेलास तरी तुझा मोबाइल मी दर दोन दिवसांनी चार्ज करतो. वहिनी म्हणते, "बंद कर रे तो एकदाचो." मी करत नाही. माणूस गेल्यावर त्याच्याकडे कोण काय मागतो यावरून पुष्कळ कळते, आणि बंद फोनवर तेवढे कळायची सोय नसते.

बघ, माझेच खरे झाले! सात महिने ज्यांना तुझी आठवण झाली नाही, अशा दोघांनी गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तुझी वही मागितली. एक, तुझ्या जहाजावर जाळ्यात काय येते याची नोंद ठेवणारा तो परदेशी निरीक्षक, ज्याला तू 'मास्तर' म्हणायचास. दुसरा, तुला जहाजावर चढवणारा गोव्याचा एजंट. हा योगायोग म्हणायचा का? तू म्हटलाच असतास. सगळ्यांचे सगळे खरे धरायची तुझी सवय. मला ती सवय नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. काही गोष्टी तुलाच विचारायच्या आहेत. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, पण प्रश्न तरी नोंदवलेला असावा.

वही म्हणजे ती निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. अंटार्क्टिकाच्या समुद्रात कोळंबीसारखा बारीक क्रिल पकडणाऱ्या जहाजावर तू भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून निघालास तेव्हा मीच ती मालवणच्या बाजारातून घेऊन दिली होती. अट एकच होती: रोजचा अक्षांश, रेखांश, वारा आणि जेवण लिहायचे. माझ्या इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये भिंतीवर नकाशा आहे. त्यात टाचण्या लावून तुझे जहाज कुठून कुठे गेले ते मला बघायचे होते.

"अक्षांश लिवन तुका काय करूचा आसा मेल्या? माका भात शिजवूचो आसा," असे तू म्हणालास, पण लिहिलेस. तीन हंगाम, एक दिवस न चुकता. त्याबद्दल मी तुला कधी शाबास म्हटले नाही. आता म्हणतो. फार उशीर झाला, होय ना?

माझी शाळा नववीत संपली. पण साठ अंश दक्षिणेच्या खाली कोणाचे काय नियम लागतात हे या तालुक्यात माझ्याइतके कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले आहेत मी ते करार, कलमामागून कलम. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाच्या मॅन्युअलवरून इंग्रजी शिकलेल्या माणसाला करार जड जात नाही. दोन्हींत काय लिहिलेले नाही तेच आधी शोधायचे असते.

एजंटचा फोन मी घेतला. गोड बोलत होता, तेव्हाच मी सावध झालो.

"सुधाकरबाब, भाऊ फार चांगला माणूस होता हो. बरं, त्याच्या सामानात जहाजावरचे कागद-बिगद असले तर पाठवून द्या. ते कंपनीचे असतात."

"कागद नाहीत. त्याची वही आहे," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

"वहीसुद्धा कंपनीचीच."

"वहीच्या मागे मालवणच्या दुकानाचा शिक्का आहे. तुमच्या कंपनीची शाखा आहे काय मालवणात?"

तो हसला. मी हसलो नाही. दादा, सात महिन्यांनी त्याला कोणत्या कागदांची आठवण झाली? नुसत्या भाताच्या मापांसाठी कोणी गोव्याहून फोन करत नाही.

म्हणून मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली. तू असताना मी फक्त अक्षांश उतरवून घ्यायचो, बाकीचे वाचले नव्हते. ही माझी चूक. तपशिलाचा गर्व असलेल्या माणसाने अर्धाच तपशील वाचला!

तुला तो जवळ्याचा दिवस आठवतो ना? दुसरा हंगाम संपवून आलास आणि सामानातून प्लास्टिकची पिशवी काढलीस. आत लालसर-काळे काहीतरी सुकवलेले. "हो बघ थंयचो जवळो!" तुझा चेहरा असा की जणू सोने आणले आहेस. क्रिल पहिल्यांदा बघितलास तेव्हा तुला आपला जवळाच वाटला होता. तसाच बारीक, तसाच डोळ्यांचा काळा ठिपका. मग मालवणी माणूस दुसरे काय करणार? कोणाला न विचारता मागच्या डेकवर ताडपत्री अंथरून, दोन पाट्या क्रिल उन्हात वाळत घातलास. अंटार्क्टिकाच्या उन्हात!

मी तेव्हाच सांगितले की क्रिल म्हणजे जवळा नव्हे. तो दोन इंचांपर्यंत वाढतो, आणि पाण्याबाहेर काढल्यावर स्वतःच आतून विरघळायला लागतो, म्हणून तो काळा पडला. माझे कोण ऐकतो? वहिनीने खोबरे-कांदा घालून केला. एक घास घेतला आणि म्हणाली, "ह्यो जवळो न्हय. जवळ्याचो चुलतो आसा, आणि तोय रागान घर सोडून गेललो." आपण तिघेही खूप हसलो होतो.

हसता हसता मी विचारले होते, "सगळा का नाही आणलास? दोन पाट्या होत्या ना?" तू म्हणालास, "लाट इली, भिजलो." आणि ताटाकडे बघायला लागलास.

आता वहीतली तुझी त्या दिवसाची नोंद. जशी आहे तशी उतरवतो:

'अक्षांश कालचोच. वारो नाय, पाणी तेलासारख्या. मास्तराक ताप, पेज दिली. बाकीच्यांका वाटाण्याची उसळ. जाळ्यात देवमासो. ल्हान. मेललो. सोडलो. जवळो भिजलो.'

वारा नाही, पाणी तेलासारखे. मग लाट आली कुठून, दादा? जाळे वर ओढताना त्या पिल्लाबरोबर जे पाणी डेकवर आले, त्यात ताडपत्रीवरचा बराचसा जवळा भिजला. स्वयंपाकी एरवी खाली भांड्यांत असतो. त्या दिवशी तू जवळा राखायला मागच्या डेकवर बसला होतास, म्हणून तुला ते दिसले. जगात दुसऱ्या कोणत्याही गावचा स्वयंपाकी असता तर त्याने काही बघितले नसते.

इथपर्यंत वाचले तेव्हा मला तुझा अभिमानच वाटला. मग पान उलटले. मागे चौघडी केलेला कागद होता.

कागद इंग्रजीत, कार्बन कॉपी. तारीख तीच. अक्षांश तोच. खाली तीन ओळी: आजच्या जाळ्यात कोणताही सागरी सस्तन प्राणी आला नाही. एका अधिकाऱ्याची सही. आणि साक्षीदार म्हणून दुसरी सही मराठीत. 'मोहन'. 'ह'ची शेपटी खाली वळवलेली, जशी तू लग्नपत्रिकेवरसुद्धा वळवायचास.

मी तो कागद चार वेळा वाचला. शेड बंद केली. बाहेर एक जण इंजिन घेऊन उभा होता, त्याला उद्या ये म्हणून सांगितले.

तुझ्यासाठी एक पळवाट मी शोधली, खरे सांगतो. तू इंग्रजी वाचत नव्हतास असे म्हणता आले असते. पण ती पळवाट मीच बुजवली आहे. जहाजावर जाण्याआधी दोन पावसाळे या शेडमध्ये बसवून तुला इंग्रजी वाचायला कोणी शिकवले? 'नो' हा शब्द कुठे बसला की वाक्याचा अर्थ उलटतो, ते इंजिनावरच्या सूचनांवरून तुला कोणी समजावले? तुला वाचता येत होते. तू वाचलेस, आणि सही केलीस.

का केलीस? पुढच्या हंगामाला जहाजावर घेणार नाहीत म्हणून? की कॅप्टन समोर उभा होता म्हणून? की, मला सर्वांत भीती याची वाटते, तू 'एवढे काय त्यात' म्हणालास म्हणून?

आणि मग कॉपी जपून का ठेवलीस? कोणासाठी? माझ्यासाठी?

तूच मला एकदा त्या मोठ्या बैठकीबद्दल सांगितले होतेस. दक्षिण समुद्रात कोणी किती पकडायचे, कुठे पकडायचे नाही, हे पंचवीसेक देश दरवर्षी एकत्र बसून ठरवतात. मास्तरने तुला भांडी घासता घासता समजावले: तिथे हात वर करून मते मोजत नाहीत. कोणी 'नाही' म्हटले नाही की ठराव पास. एकाने 'नाही' म्हटले की सगळे तिथेच थांबले. तू विचारलेस, "म्हणजे गप रवलो तो व्हय म्हणालो?" मास्तर म्हणाला, तसेच. तू घरी येऊन हसत होतास: "आपल्याकडे गाऱ्हाणा घालताना सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणूक लागता, मोठ्यान. कोणच बोललो नाय तर देव काय समजतलो? सगळे झोपले!"

हसण्यावारी गेले तेव्हा ते. पण मी नंतर कागद वाचत राहिलो. तिथला समुद्र तापतो आहे. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून जगतात, आणि बर्फच कमी होतो आहे. क्रिल मिळेल तिकडे पेंग्विन जातात, देवमासे जातात, आणि त्यांच्या मागोमाग जहाजे. म्हणून सगळे एकाच तुकड्यात गोळा होतात. एका भागातच सगळे ओरबाडून नेऊ नये यासाठी पकड वाटून देणारा एक नियम होता. त्याची मुदत संपली आणि ती वाढवायला सगळ्यांचे एकमत झाले नाही. मोठे राखीव भाग करायचे तर किती वर्षे नुसते 'अजून अभ्यास हवा' चालले आहे. अभ्यास कोणाला नको? मलाही हवा. पण अभ्यास ज्या आकड्यांवर करणार ते जहाजावरून येतात, आणि जहाजावर काय लिहिले जाते ते आता माझ्या टेबलावर पडले आहे.

आपल्या गावासमोर मासेमारी बंदीच्या काळात बाहेरची बोट आली तर किनाऱ्यावरची माणसे इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात. तिथे किनाऱ्यावर कोण उभे असते? पेंग्विन. आणि जहाजावर एक मास्तर, जो जहाजावरच जेवतो.

म्हणून मला मास्तरचाही संशय आला. त्याने लिहिले होते की या वर्षीची बैठक जवळ आली आहे. पर्यावरणाचे काम करणाऱ्या एका गटाला तिथे मत नसले तरी बसायला खुर्ची असते. त्यांच्यामार्फत तुझी वही पुढे ठेवायची आहे. छान! पण 'मास्तराक ताप' हे पान त्याला का हवे असेल? ते पुढे ठेवायला, की फाडायला? मी त्याला गुळमुळीत काही लिहिले नाही. एकच ओळ लिहिली: देवमासा आला त्या दिवशी तुम्ही कुठे होता आणि तुमच्या अहवालात काय लिहिले आहे?

चार दिवस उत्तर नाही. मी मनात म्हटले, सापडला.

पाचव्या दिवशी उत्तर आले. त्याचा अर्थ असा: 'मला ताप होता, मी झोपलो होतो. अहवालात मी "पाहिले नाही" असे लिहायला हवे होते. मी "काही नव्हते" असे लिहिले. अधिकाऱ्याने तुमच्या भावाच्या साक्षीचा कागद दाखवला, त्यावर मी विसंबलो. तुमच्या भावाने हंगाम संपताना मला खरे सांगितले. मी तेव्हा गप्प बसलो. आता माझेही नाव पुढे येऊ दे.'

दादा, माणसावर विश्वास ठेवायला मला फार वेळ लागतो. पण 'पाहिले नाही' आणि 'काही नव्हते' यांतला फरक जो स्वतःविरुद्ध सांगतो, त्याला खोटा कसा म्हणू? आणि तू त्याला सांगितले होतेस! मला का नाही सांगितलेस? जेवायला बसून 'लाट इली' म्हणालास. मी इतका कडक होतो काय तुझ्याशी? असेन. अक्षांशाचा आकडा चुकला म्हणून तुला फोनवर ओरडलो होतो, ते आठवते.

राहिली वहिनी. कागद तिला वाचून दाखवला, मराठी करून, एकेक शब्द. वही पाठवली तर सहीही उघड होणार, गावात बोलणे होणार, हे सांगितले. तिने ऐकून घेतले, ताट उचलले आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी विचारले, काही बोलली नाही. आठ दिवस ती त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही. त्या बैठकीच्या नियमाने आपल्या घरात ठराव पास झालेला होता. मास्तरचे निरोपावर निरोप येत होते. मी हललो नाही. तिच्या गप्प बसण्याचा होकार करायला मी काय परराष्ट्र खात्यातला आहे?

परवा ती मागच्या दारी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बांगडे कापत होती. मी नळ दुरुस्त करीत होतो. तिनेच विषय काढला.

"सुधा, तां धाडलंस काय रे?"

"नाय."

"कित्याक?"

"तू काय बोलाक नाय, म्हणान."

"गप रवला म्हणजे व्हय, असा तूच सांगलंस ना?"

"थंय. आपल्या घरात नाय."

तिने दोन बांगडे कापले. मग मान वर न करता विचारले, "तेंची सही दिसतली?"

"कागद धाडलो तर दिसतली. नुसता वहीचा पान धाडूक येता. नायतर कागदाचो फोटो काढून खालचो भाग कापूक येता."

हे मी बोललो, दादा. मी. ती आडाळ्यावरून उठली, हात तसेच ओले.

"कापतलंस? तू? वॉशर अर्ध्या सुतान जाड लागलो म्हणान वेंगुर्ल्याच्या त्या माणसाक चार दिस बसवन ठेवलंस, आणि भावाची सही कापतलंस?"

"लोक काय म्हणतले, वयनी?"

"म्हणतले, भंडारी खोटी सही करून इलो. इलेच ना करून? माका तेव्हाच सांगले असते तर दोन दिस मी बोललंय नसतंय, तिसऱ्या दिसा जेवण वाढलंय असतंय. तेवढ्याक कित्याक भियाले ते, माका कळणा नाय." तिने ओले हात पदराला पुसले. "कागदार खोटा लिवल्यानी, वहीत खरा लिवल्यानी. दोनय तेंचाच. एक धाडून एक लपयलंस तर ते अर्धेच जातले. धाड दोनय."

मग ती परत बसली आणि राहिलेले बांगडे कापायला घेतले. रडली नाही. मी नळ उगाच जास्त घट्ट केला.

काल सोबतचे पत्र लिहिले. 'मृताच्या पत्नीच्या संमतीने' अशी सुरुवात केली होती. वहिनीला मराठी करून ऐकवली तर म्हणाली, "संमती कसली? विचारलंस आणि मी मान हलयलंय, असा दिसता तां. मी सांगलंय म्हणान धाडतंस. तसाच लिव." खोडले. 'पत्नीच्या सांगण्यावरून' असे लिहिले. या घरात तपशील मलाच कळतो असे मला इतकी वर्षे वाटत होते!

ते तिथे वाचतील का? मला खात्री नाही. पंचवीस देशांतला एखादा म्हणेल, स्वयंपाक्याची वही म्हणजे पुरावा नव्हे. दुसरा म्हणेल, अजून अभ्यास हवा. एक पिल्लू मेले म्हणून समुद्राचा कायदा बदलत नाही हे मलाही कळते. पण 'काही नव्हते' असे जिथे लिहिले आहे, तिथे 'होते' एवढे तरी लागले पाहिजे. तेवढी दुरुस्ती तुझ्या नावाने होऊ दे. सही तुझी, आणि दुरुस्तीही तुझी.

तुला एक वचन देतो. पानांच्या प्रती आणि तुझ्या सहीचा कागद, न कापता, आज जाईल. मूळ वही जाणार नाही. एजंटला नाही, मास्तरला नाही, त्या गटालाही नाही. ज्याला ती खोटी वाटेल त्याने मालवणला यावे, आपल्या ओटीवर वहिनीसमोर बसावे. पान ती उलटेल. मी शेजारी बसून अर्थ सांगेन, आणि तुला वाचवायला म्हणूनसुद्धा एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
सुधा